कोबोलमधील ‘कॉल’ आणि ‘कॅन्सल’ : उपप्रोग्रामच्या स्मृतीचा अभ्यास

ज्या संगणकभाषेचा जन्म १९५९ साली झाला, तिच्याविषयी विद्यालयाच्या स्मरणिकेत अभ्यासलेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे आमच्यापाशी साधे उत्तर आहे. आपल्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात जात आहेत. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला परदेशी बँकांच्या आणि विमासंस्थांच्या जुन्या कोबोल प्रोग्रामांची देखभाल येते. नव्या भाषा शिकविणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. या जुन्या भाषेच्या खाचाखोचा मात्र बहुधा चुका करूनच शिकाव्या लागतात. आणि ती चूक कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी निवृत्तिवेतनात, विम्याच्या रकमेत किंवा कर्जाच्या हप्त्यात उतरते.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच विषय घेतला आहे. एका कोबोल प्रोग्रामने दुसऱ्याला कामासाठी बोलावले, काम झाल्यावर तो परत गेला, आणि काही वेळाने त्याला पुन्हा बोलावले, तर त्याला मागचे काय आठवते आणि काय आठवत नाही? बोलावण्याला कोबोलमध्ये ‘कॉल’ म्हणतात आणि कायमचा निरोप देण्याला ‘कॅन्सल’. या दोन शब्दांमागे संगणकाच्या स्मृतीची जी व्यवस्था आहे, ती समजून घेणे हा या लेखाचा हेतू. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या पालकांनाही विषय कळावा म्हणून दृष्टान्त शाळेतलेच घेतले आहेत. कोबोलची विधाने प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.

पार्श्वभूमी

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉन येथे एक बैठक झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी, व्यापारी हिशेबासाठीची एक सामाईक भाषा असावी, असे त्या बैठकीत ठरले. त्यातून ‘कोडासिल’ ही समिती उभी राहिली आणि १९६० मध्ये कोबोलचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. ग्रेस हॉपर यांनी घडविलेल्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेचा त्यावर मोठा प्रभाव होता. हिशेबनीसालाही वाचता यावीत अशी, इंग्रजी वाक्यांसारखी विधाने हे या भाषेचे वैशिष्ट्य.

त्या काळी स्मृती किती तुटपुंजी होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. त्याच १९५९ साली आयबीएमने जाहीर केलेले १४०१ हे यंत्र १,४०० पासून जास्तीत जास्त १६,००० अक्षरांपर्यंत स्मृतीसह मिळत असे. म्हणजे या स्मरणिकेच्या आठ-दहा पानांचा मजकूर त्यात जेमतेम मावला असता. आणि त्याच जागेत प्रोग्रामही ठेवायचा आणि माहितीही. साहजिकच मोठ्या कामाचे तुकडे करावेत, ज्या तुकड्याची गरज आहे तोच स्मृतीत आणावा आणि गरज संपली की त्याची जागा दुसऱ्याला द्यावी, ही काटकसर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडली.

१९७४ च्या अमेरिकन प्रमाण कोबोलमध्ये ‘कॉल’ आणि ‘कॅन्सल’ या दोन्ही विधानांना अधिकृत स्थान मिळाले. १९८५ च्या प्रमाणात ‘इनिशियल’ आणि ‘एक्स्टर्नल’ यांसारख्या सोयी आल्या, तर २००२ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ‘लोकल-स्टोरेज’ला मान्यता दिली. जुने झाले तरी हे ज्ञान अडगळीत पडलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत बेरोजगार-भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते.

वर्गखोली आणि फळा

मुख्य प्रोग्राम हा मुख्याध्यापकांसारखा असतो. सारे काम तो स्वतः करीत नाही. विशिष्ट कामासाठी विशिष्ट उपप्रोग्रामला बोलावतो. व्याज काढणारा उपप्रोग्राम वेगळा, तारखांचा हिशेब करणारा वेगळा, नाव-पत्ता तपासणारा वेगळा. एका कामासाठी एकत्र चालणाऱ्या या सर्व प्रोग्रामांच्या समूहास ‘रन युनिट’ म्हणतात. मुख्य प्रोग्राम सुरू झाला की रन युनिट सुरू होते; तो संपला की तेही संपते.

उपप्रोग्राम ही एक वर्गखोली आहे असे समजू. या खोलीत माहिती ठेवण्याच्या जागा वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य वेगळे असते.

पहिली जागा ‘वर्किंग-स्टोरेज’. हा वर्गातील भिंतीवरचा फळा. सकाळी वर्ग प्रथम उघडताना तो एकदाच पुसला जातो आणि आरंभीचे आकडे त्यावर लिहिले जातात. त्यानंतर तास संपला, शिक्षक बाहेर गेले, पुन्हा आत आले, तरी फळ्यावरचे लिखाण जसेच्या तसे राहते. दुसऱ्यांदा कॉल झालेल्या उपप्रोग्रामला वर्किंग-स्टोरेजमध्ये मागच्या वेळचे शेवटचे आकडे दिसतात, आरंभीचे नव्हेत.

दुसरी जागा ‘लोकल-स्टोरेज’. ही दारात हाती दिलेली पाटी. प्रत्येक कॉलच्या वेळी स्वच्छ पाटी मिळते, तीवर ठरलेले आरंभीचे आकडे असतात, आणि परत जाताना ती काढून घेतली जाते. मागच्या तासाचे तीवर काहीही उरत नाही.

तिसरी ‘लिंकेज सेक्शन’. ही वर्गाची जागाच नव्हे. विद्यार्थी आपली वही घेऊन येतो, शिक्षक त्याच वहीत उत्तर लिहितात आणि वही विद्यार्थ्याबरोबर परत जाते. लिंकेजमध्ये लिहिलेले वर्णन हे बोलावणाऱ्याच्या स्मृतीचे वर्णन असते. त्यासाठी उपप्रोग्राम स्वतःची जागा घेत नाही. म्हणून दोन्हीकडचे वर्णन जुळणे अत्यावश्यक आहे. बोलावणाऱ्याची नोंद ५० अक्षरांची आणि उपप्रोग्राममधले वर्णन ८० अक्षरांचे असेल, तर उरलेली ३० अक्षरे शेजारच्या माहितीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. काही न सांगता माहिती दिली तर ती ‘बाय रेफरन्स’ म्हणजे मूळ वहीच दिली असे कोबोल मानते. मूळ वही सुरक्षित ठेवायची असेल तर ‘बाय कन्टेन्ट’ असे लिहून तिची प्रत द्यावी.

चौथी जागा ‘एक्स्टर्नल’ माहितीची. हा शाळेच्या दर्शनी भागातला सामाईक सूचनाफलक. तो कोण्या एका वर्गाचा नाही; तसे घोषित करणारे सर्व प्रोग्राम तो वाचू शकतात आणि त्यावर लिहू शकतात.

एक चूक, आम्ही स्वतः केलेली

उमेदवारीच्या काळात आम्ही जी चूक केली, तिचे सोपे रूप पुढे देत आहोत. कर्जदारांचे तीन महिन्यांचे व्याज एकत्र करून देय रक्कम काढावयाची होती. उपप्रोग्राम असा होता :

प्रोग्राम-आयडी. व्याजगणन.
डेटा डिव्हिजन.
वर्किंग-स्टोरेज सेक्शन.
०१ एकूण-व्याज पिक ९(७)व्ही९९ व्हॅल्यू झिरो.
लिंकेज सेक्शन.
०१ खाते-नोंद.
  ०५ मासिक-व्याज पिक ९(५)व्ही९९ ऑकर्स ३ टाइम्स.
०१ देय-व्याज पिक ९(७)व्ही९९.
प्रोसीजर डिव्हिजन युझिंग खाते-नोंद देय-व्याज.
  ॲड मासिक-व्याज(१) मासिक-व्याज(२) मासिक-व्याज(३) टू एकूण-व्याज
  मूव्ह एकूण-व्याज टू देय-व्याज
  गोबॅक.

मुख्य प्रोग्राम प्रत्येक खात्यासाठी एकदा ‘कॉल व्याजगणन युझिंग खाते-नोंद देय-व्याज’ असे म्हणत होता. वाचताना यात वावगे काही दिसत नाही. एकूण-व्याज या घरात आरंभी शून्य ठेवले आहे, तीन महिन्यांचे व्याज त्यात मिळविले आहे आणि उत्तर परत दिले आहे.

आता तीन कर्जदार घेऊ. पहिल्याचे मासिक व्याज ४००, ४२० व ३८० रुपये, बेरीज १,२००. दुसऱ्याचे ३००, २८० व २७०, बेरीज ८५०. तिसऱ्याचे १५०, १३० व १२०, बेरीज ४००. उपप्रोग्रामने दिलेली उत्तरे मात्र अशी होती : १,२००, मग २,०५०, मग २,४५०. पहिल्याचा हिशेब बिनचूक, दुसऱ्याच्या माथी पहिल्याचे व्याज, आणि ज्याचे कर्ज सर्वांत लहान त्या तिसऱ्याच्या माथी दोघांचेही.

‘व्हॅल्यू झिरो’ हे विधान प्रत्येक कॉलला अमलात येते असे आम्ही गृहीत धरले होते. ते तसे नसते. रन युनिटमध्ये उपप्रोग्राम प्रथम बोलावला जातो तेव्हाच ते लागू होते. नंतर फळा कोणी पुसत नाही. रांगेत कोण कोणाच्या मागे उभा आहे, एवढ्यावरूनच प्रत्येकाचे ओझे ठरत होते. आणि आम्ही एकेका खात्यावर प्रोग्राम तपासला होता. एकाच खात्याच्या तपासणीत ही चूक कधीच दिसत नाही, कारण पहिले उत्तर नेहमी बरोबर येते. आमच्या वरिष्ठांनी तीन खाती एकापाठोपाठ चालवून पाहिली, म्हणून ती चूक कोणाच्या खात्यापर्यंत पोहोचली नाही.

‘कॅन्सल’ नेमके काय करते

चूक कळल्यावर आमच्या मनात आलेला पहिला उपाय असा होता की प्रत्येक कॉलनंतर ‘कॅन्सल व्याजगणन’ असे लिहून टाकावे. उत्तरे बरोबर आली असती. तरी वरिष्ठांनी तो उपाय नाकारला. का नाकारला, हे समजण्यासाठी कॅन्सलचा अर्थ नीट पाहावा लागतो.

कॅन्सल म्हणजे वर्गखोली बंद करून किल्ली कार्यालयात जमा करणे. कोबोलच्या प्रमाणानुसार त्याचे मुख्य फलित हे, की तो उपप्रोग्राम पुढच्या वेळी बोलावला जाईल तेव्हा त्याची अवस्था आरंभीची असेल. फळा पुसलेला मिळेल. उपप्रोग्रामने उघडलेल्या आणि बंद न केलेल्या स्वतःच्या फाइली कॅन्सलच्या वेळी बंद केल्या जातात. त्याच्या पोटात दुसरे उपप्रोग्राम लिहिलेले असतील तर तेही कॅन्सल होतात. एक्स्टर्नल माहितीला मात्र कॅन्सलचा स्पर्श होत नाही. एक वर्ग बंद केल्याने दर्शनी फलक पुसला जात नाही. जो उपप्रोग्राम कधी बोलावलेलाच नाही, किंवा आधीच कॅन्सल झालेला आहे, त्याला कॅन्सल केले तर काहीच घडत नाही; काम पुढच्या विधानाकडे जाते. जो प्रोग्राम अजून काम करीत आहे, म्हणजे ज्याने आपल्याला बोलावले आणि जो आपल्या परतण्याची वाट पाहत आहे, त्याला कॅन्सल करता येत नाही. तास चालू असताना वर्गाला कुलूप लावता येत नाही, तसेच हे.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. मागचे विसरणे ही एक गोष्ट आणि जागा मोकळी करणे ही दुसरी. प्रमाण फक्त पहिलीची हमी देते. दुसरी त्या त्या यंत्रणेवर अवलंबून असते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर गतिमान पद्धतीने बोलावलेला उपप्रोग्राम कॅन्सल केला की त्याची स्मृती सामान्यतः मोकळी होते. घरच्या संगणकावर विनामूल्य वापरता येणाऱ्या ‘ग्नूकोबोल’मध्ये मात्र कॅन्सल केल्यावर उपप्रोग्रामची अवस्था आरंभीची होते, पण त्याचे मॉड्यूल मूळ मांडणीत स्मृतीतच राहते. ते खरोखर बाहेर काढायचे असेल तर ‘फिजिकल कॅन्सल’ ही मांडणी वेगळी चालू करावी लागते. तिने थोडी स्मृती वाचते. पण पुढच्या कॉलला उपप्रोग्राम शोधून आणण्यास अधिक वेळ लागतो.

ही वेळेची बाबच वरिष्ठांच्या नकाराचे पहिले कारण होती. पाच लाख खाती असतील तर पाच लाख वेळा वर्ग उघडायचा आणि पाच लाख वेळा बंद करायचा. रात्रीच्या ठरलेल्या वेळात संपणारे काम त्यामुळे सकाळपर्यंत रेंगाळू शकते. दुसरे कारण अधिक खोल होते. उपप्रोग्रामला काही गोष्टी आठवाव्यात असे आपल्यालाच हवे असते. व्याजदरांचा तक्ता पहिल्या कॉलला फाइलीतून वाचायचा आणि पुढील सर्व खात्यांसाठी तोच वापरायचा, ही नेहमीची रीत आहे. प्रत्येक वेळी कॅन्सल केल्यास तोही तक्ता पुसला जातो आणि फाइल पुन्हा पुन्हा उघडावी लागते.

स्थिर जोडणी आणि गतिमान जोडणी

कॅन्सल लिहूनही काही घडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण जोडणीच्या प्रकारात असते.

स्थिर जोडणीत मुख्य प्रोग्राम आणि उपप्रोग्राम तयार करतानाच एकत्र बांधून टाकलेले असतात. ही वर्गखोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाच्याच भिंतीत आहे; ती वेगळी काढता येत नाही. गतिमान जोडणीत उपप्रोग्राम स्वतंत्र राहतो आणि पहिल्या कॉलच्या वेळी संग्रहातून स्मृतीत आणला जातो. त्यानंतरचे कॉल त्याच प्रतीला जातात.

आयबीएमच्या कंपायलरमध्ये उपप्रोग्रामचे नाव अवतरणचिन्हांत थेट लिहिले आणि ‘नोडायनॅम’ हा पर्याय निवडला, तर जोडणी स्थिर होते. ‘डायनॅम’ पर्याय असेल, किंवा नाव एखाद्या माहितीघरात ठेवून त्या घराच्या नावाने कॉल केला, तर ती गतिमान होते. स्थिर जोडणीच्या उपप्रोग्रामवर तेथे कॅन्सलचा काहीही परिणाम होत नाही. त्या विधानामुळे काम थांबत नाही. म्हणूनच ते निरुपयोगी ठरले आहे हे लक्षातही येत नाही. प्रोग्राममध्ये कॅन्सल लिहिलेले पाहून ‘येथे फळा पुसला जातो’ असे मानणे धोक्याचे आहे. जोडणी कोणती, हे आधी पाहावे.

गतिमान जोडणीलाही तिचे धोके आहेत. बोलावलेला उपप्रोग्राम संग्रहात सापडला नाही तर, ‘ऑन एक्सेप्शन’ लिहून पर्यायी वाट ठेवलेली नसल्यास, मेनफ्रेमवर काम ‘एस ८०६’ या सांकेतिक क्रमांकासह अर्ध्यावर कोसळते. याउलट तिचा लाभ असा, की उपप्रोग्राम सुधारल्यावर त्याला बोलावणारे सर्व प्रोग्राम पुन्हा बांधावे लागत नाहीत. स्थिर जोडणीत ते करावे लागते आणि त्यातील एखादा राहून गेला तर जुना हिशेब चालूच राहतो.

पूर्वी मेनफ्रेमवरील पत्ते २४ बिटांचे असत आणि प्रोग्रामला मिळू शकणारी जागा १६ मेगाबाइटच्या आत असे. त्या काळात शेकडो उपप्रोग्राम बोलावणाऱ्या कामाला कॅन्सलने जागा मोकळी करणे खरोखर आवश्यक ठरे. ३१ बिटांचे पत्ते आल्यावर ही मर्यादा २ गिगाबाइटपर्यंत गेली. त्यामुळे जागा वाचविण्यासाठी कॅन्सल लिहिण्याचे प्रसंग आज कमी झाले आहेत. मागची अवस्था पुसण्याचा प्रश्न मात्र तितकाच जिवंत आहे.

मग उपाय कोणता?

आमच्या उदाहरणावर चार उपाय संभवतात.

पहिला : उपप्रोग्रामच्या आरंभीच ‘मूव्ह झिरो टू एकूण-व्याज’ असे लिहावे. शिक्षकांनी आत येताच स्वतः फळा पुसावा, तसे हे. उपाय सोपा आणि स्वस्त. पण पुढे कोणी नवे घर वाढविले आणि त्यासाठी हे विधान लिहायला विसरला, तर जुनी चूक नव्या दाराने आत येते.

दुसरा : बेरजेचे घर लोकल-स्टोरेजमध्ये न्यावे. मग ‘व्हॅल्यू झिरो’ खरोखरच प्रत्येक कॉलला लागू होते.

तिसरा : उपप्रोग्रामच्या नावापुढे ‘इज इनिशियल’ असे लिहावे. प्रत्येक कॉलला संपूर्ण फळा आरंभीच्या अवस्थेत येतो. जोडणी स्थिर असली तरी हा उपाय चालतो; परंतु व्याजदरांच्या तक्त्यासारखी जपून ठेवायची माहितीही पुसली जाते.

चौथा : कॅन्सल. हा उपाय बोलावणाऱ्याच्या हातात आहे. एका टप्प्याचे काम संपले आणि दुसऱ्या टप्प्यासाठी तोच उपप्रोग्राम नव्याने सुरू व्हावा असे वाटले, तर तो योग्य. प्रत्येक खात्यानंतर तो वापरणे म्हणजे फळ्यावरची एक ओळ पुसण्यासाठी शाळा बंद करणे.

आम्ही अखेर दुसरा उपाय स्वीकारला. व्याजदरांचा तक्ता वर्किंग-स्टोरेजमध्ये ठेवला, कारण तो सर्वांसाठी एक आहे. बेरीज लोकल-स्टोरेजमध्ये नेली, कारण ती एकाच कर्जदाराची आहे. ‘सर्वांचे ते फळ्यावर, एकाचे ते पाटीवर’ हा नियम तेव्हापासून आम्ही पाळत आलो आहोत.

परतण्याच्या विधानाबद्दलही सावध राहावे. उपप्रोग्रामने ‘गोबॅक’ किंवा ‘एग्झिट प्रोग्राम’ म्हटले तर तो बोलावणाऱ्याकडे परत जातो आणि त्याचा फळा तसाच राहतो. त्याने ‘स्टॉप रन’ म्हटले तर संपूर्ण रन युनिटच संपते. एका वर्गातील तास संपला म्हणून शिपायाने साऱ्या शाळेची सुट्टीची घंटा वाजवावी, तसे होते. तसेच उपप्रोग्रामच्या वर्किंग-स्टोरेजचा पत्ता ‘पॉइंटर’मध्ये जपून ठेवला असेल, तर कॅन्सल झाल्यावर तो पत्ता वापरू नये. त्या जागेत आता दुसरेच कोणी राहायला आलेले असू शकते.

तपासणीची रीत

या क्षेत्रात येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की एका नोंदीवर तपासलेला उपप्रोग्राम तपासलेला समजू नये. किमान तीन नोंदी एकाच रन युनिटमध्ये चालवाव्यात. मग त्याच नोंदी उलट्या क्रमाने चालवाव्यात. क्रम बदलल्याने कोणाचेही उत्तर बदलता कामा नये. बदलले, तर कोणाची तरी मागची स्मृती पुढच्याच्या हिशेबात मिसळली आहे असे निश्चित समजावे.

दुसरी काळजी अशी, की बँकेच्या पडद्यावर बरोबर चालणारा उपप्रोग्राम रात्रीच्या हिशेबात चुकू शकतो. मेनफ्रेमवर पडद्यावरील व्यवहार बहुधा ‘सीआयसीएस’ या व्यवस्थेखाली चालतात आणि तेथे प्रत्येक व्यवहाराला वर्किंग-स्टोरेजची नवी प्रत मिळते. दिवसा प्रत्येक ग्राहकासाठी वर्ग नव्याने उघडला जातो, म्हणून फळा न पुसण्याची चूक झाकली जाते. रात्री मात्र एकाच रन युनिटमध्ये लाखो खाती एकापाठोपाठ जातात आणि तीच चूक उघडी पडते. ‘दिवसा तर बरोबर येते’ हा बचाव म्हणूनच पुरेसा नाही.

वरील उदाहरण घरी करून पाहण्यास फार साधने लागत नाहीत. ग्नूकोबोल घेऊन मुख्य प्रोग्राम आणि उपप्रोग्राम दोन वेगळ्या फाइलींत लिहावेत, तीन खाती द्यावीत आणि आधी चुकीची उत्तरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. मग चारही उपाय एकेक करून लावावेत. वाचून जे तासाभरात कळते, ते चूक पाहून पाच मिनिटांत कायमचे मनावर ठसते.

समारोप

स्मृती ही संगणकाच्या बाबतीत सरसकट चांगली किंवा वाईट नसते. व्याजदरांचा तक्ता आठवला नाही तर काम मंदावते. मागच्या माणसाची बेरीज आठवली तर पुढच्यावर अन्याय होतो. काय जपायचे आणि काय पुसायचे, हा निर्णय भाषा आपल्यासाठी घेत नाही. वर्किंग-स्टोरेज लिहिताना, कॅन्सल लिहिताना किंवा न लिहिताना तो निर्णय आपणच घेत असतो; फक्त पुष्कळदा तो नकळत घेतला जातो.

मागच्याचे ओझे पुढच्याच्या माथी मारणाऱ्या हिशेबाची झळ काय असते, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ज्या विद्यालयाने आपल्याला प्रत्येक माणसाकडे त्याच्या स्वतःच्या नोंदीवरून पाहायला शिकविले, तेथील विद्यार्थ्याच्या हातून संगणकात तरी तसा हिशेब घडू नये. रात्री दोन वाजता, कोणाचेही लक्ष नसताना, लाखो अनोळखी माणसांची खाती एकेक करून आपल्या प्रोग्रामपुढे येतात. त्या रांगेतील शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकाच स्वच्छ फळा मिळावा, एवढी दक्षता घेणे हे आपल्या कामाचे शील आहे असे आम्ही मानतो.

जयभीम.